जोहारची वाट

'जोहार' हा शब्द मराठी वाचकांच्या कानास नवा नाहीं. आमच्या संतवाङ्मयांत तो नम्रपणें केलेल्या वंदनाचा शब्द आहे. आणि रजपुतांच्या इतिहासांत त्याच्या उच्चाराच्या जवळपासचा 'जौहर' हा शब्द एका भीषण चितेची आठवण करून देतो. परंतु प्रस्तुत लेखांत ज्या जोहारविषयीं आम्ही लिहिणार आहों, त्याचा या दोहोंशींहि संबंध नाहीं. तें हिमालयांतील एका खोऱ्याचें नांव आहे. कुमाऊंच्या उत्तर टोंकास, नंदादेवीच्या पूर्वेस, गोरीगंगा नांवाची नदी ज्या अरुंद दरींतून खालीं उतरते, त्या दरीचा वरचा भाग म्हणजे जोहार. आजच्या विभागणीप्रमाणें तो उत्तराखंडाच्या पिथोरागढ जिल्ह्यांत मोडतो.

अलीकडे आमच्याकडील तरुण मोठ्या संख्येनें हिमालयांत पायीं हिंडावयास जातात, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांपैकीं कांहीं मुन्स्यारीहून निघून मिलमच्या हिमनदीपर्यंतहि जाऊन येतात. परत आल्यावर ते शिखरांचें वर्णन करितात, नदीच्या गर्जनेचें वर्णन करितात, आणि वाटेंत लागलेल्या ओस घरांचेंहि वर्णन करितात. कोसळलेलीं छपरें, दारांवरील कोरीव काम, अंगणांत माजलेलें गवत, हें सर्व त्यांच्या बोलण्यांत येतें. परंतु हीं गांवें इतक्या उंचावर कशाच्या बळावर नांदलीं आणि पुढें कां ओस पडलीं, हें मात्र बहुधा कोणी सांगत नाहीं. हिमालय म्हणजे भरतखंडाच्या उत्तरेची भिंत, असें आपण शाळेपासून घोकीत आलों आहों. आणि भिंतीजवळ कोण रहात होतें, याचें आपणांस फारसें कुतूहल वाटत नाहीं. जोहारच्या लोकांनीं ही भिंत कधींच मानिली नव्हती. त्यांच्या लेखीं तेथें एक वाट होती, आणि त्या वाटेवर त्यांचा सर्व संसार उभा होता. ती वाट कशी चालत होती, तिच्या जाणकारांनीं जगाच्या भूगोलांत केवढी भर घातली, आणि अखेर ती कशी बंद झाली, हें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम प्रदेशाची ओळख करून घेतली पाहिजे. मुन्स्यारी हें गांव समुद्रसपाटीपासून सुमारें ७,२०० फूट उंचीवर आहे. समोर पंचचूलीचीं पांच शिखरें आणि खालीं गोरीगंगेची खोल दरी, असें त्याचें स्थान आहे. येथून मिलमपर्यंतची वाट ३५ ते ४० मैलांची, म्हणजे तीन-चार दिवसांच्या चालीची. लीलम व बुगड्यार या मुक्कामांच्या आसपास दरी इतकी चिंचोळी आहे कीं वाट ठिकठिकाणीं कड्यांत खोदून काढावी लागली. आणि दरड अगर बर्फ कोसळून ती कोठें ना कोठें तुटावयाची, हा दरसालचा अनुभव. रिलकोटच्या पुढें मात्र देखावा पालटतो. झाडी संपते, दरी रुंदावते, आणि नदीच्या दोन्ही बाजूंच्या पठारांवर एकामागून एक गांवें लागतात : मर्तोली, ल्वां, टोला, बुर्फू, मापा, गनघर, पाछू, बिल्जू, आणि सर्वांच्या शेवटीं मिलम. ११,००० फुटांहून अधिक उंचीवर वसलेलें मिलम हें एके काळीं कुमाऊंतील मोठ्या गांवांपैकीं एक होतें. त्याच्या पलीकडे गोरीगंगेला जन्म देणारी हिमनदी आहे, आणि पश्चिमेच्या रांगेमागें २५,६४३ फूट उंचीची नंदादेवी, या सर्व मुलखाची आराध्य देवता. मर्तोलीस तिचें देऊळ आहे.

या गांवांत वर्षांतून एकच पीक निघतें. फाफर, जव, बटाटे एवढेंच काय तें तेथें होतें. शरदृतु सरला कीं बर्फ पडूं लागतें, आणि वैशाख येईपर्यंत वरच्या भागांत मनुष्यवस्ती अशक्य होते. म्हणून जोहारच्या कुटुंबास एक घर पुरत नसे. उन्हाळ्यांत वरच्या गांवीं, येतां-जातां मुन्स्यारीच्या बाजूस, आणि ऐन हिंवाळ्यांत आणखी खालीं तेजमसारख्या उबदार दऱ्यांत, असा त्यांचा वार्षिक क्रम असे. लहान मुलें, म्हातारीं माणसें, देवाच्या मूर्ति, भांडीं, माग, सर्व कांहीं या क्रमांत वर जाई आणि खालीं येई. मैदानांतील माणसास हें भटकें जिणें वाटेल. परंतु त्यांत प्रत्येक मुक्काम, प्रत्येक शेत आणि प्रत्येक कुरण ठरलेलें असे. ज्याला तीन ठिकाणीं घर आहे त्यास बेघर म्हणतां येत नाहीं.

या लोकांस बाहेरचे लोक 'भोटिया' म्हणतात. ते स्वतःस 'शौका' म्हणवितात. आमच्याकडे गांवाच्या नांवास 'कर' जोडून आडनांव होतें, तशीच त्यांचीहि रीत आहे. मर्तोलीचे ते मर्तोलिया, बुर्फूचे बुर्फाल, टोल्याचे टोलिया, लस्प्याचे लस्पाल. मिलमच्या रावतांचें घराणें या सर्वांत विशेष प्रसिद्धीस आलें. धर्मानें ते हिंदु आहेत. तथापि त्यांच्या चालीरीतींत तिबेटच्या सहवासाची छाया जागोजाग दिसते. त्यांची जुनी बोली तिबेटी-ब्रह्मी कुळांतील होती. ग्रिअर्सननें आपल्या भाषापाहणींत तिची 'रंगकस' या नांवानें नोंद केली आहे. ती आतां लुप्त झाली असून जोहारी लोक कुमाऊंनीची एक बोली बोलतात. शेजारच्या दारमा, चौदांस व ब्यांस या खोऱ्यांतील 'रं' लोकांनीं आपल्या बोली राखिल्या; जोहारनें ती गमाविली. खालच्या बाजारपेठांशीं ज्याचा व्यवहार अधिक, त्याची भाषा अधिक लवकर बदलते, असें यावरून म्हणावें लागतें.

आतां त्या व्यवहाराकडे वळूं. मिलमच्या उत्तरेस तिबेटांत उतरण्यासाठीं एकामागून एक तीन खिंडी ओलांडाव्या लागतात : उंटाधुरा, जयंतीधुरा आणि कुंगरी-बिंगरी. पहिली १७,५०० फुटांच्या वर व शेवटची १८,००० फुटांच्या वर आहे. यूरोपांतील अत्युच्च म्हणून गाजलेलें आल्प्स पर्वताचें माँट ब्लाँक शिखर १६,००० फुटांच्या आंतच आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या उंचीची कल्पना येईल. तिन्ही खिंडींच्या मधल्या टापूंत जनावरांस गवत नाहीं आणि माणसांस सरपण नाहीं. यासाठीं त्या होतां होईल तों एकाच दिवसांत ओलांडण्याचा प्रयत्न असे. वाटेंत वादळानें गांठलें तर जनावरें आणि माणसें दोन्ही गारठून मरत. असें असूनहि दरवर्षीं आषाढापासून आश्विनापर्यंत या वाटेनें शेंकडों कळप जात-येत असत.

ओझीं वाहण्याचें काम मुख्यतः शेळ्या-मेंढ्या करीत. प्रत्येक जनावराच्या पाठीवर लोंकरीच्या जाड कापडाची व चामड्यानें मढविलेली दुहेरी थैली असे. तिला 'करबच' म्हणत. एका मेंढीवर फार झालें तर दहा-बारा किलो भार जाई. परंतु मेंढी वाटेंतच चरून पोट भरते, अरुंद कड्यावरून निर्धास्त चालते, आणि तिच्यासाठीं दाणावैरण बरोबर न्यावी लागत नाहीं. मोठा बोजा असला तर याक व गाय यांच्या संकरानें झालेलीं जनावरें वापरीत. वर जातांना गहूं, तांदूळ, जव, गूळ व कापड. खालीं येतांना मीठ, टांकणखार, लोंकर, थोडेंसें सुवर्णरज आणि तट्टें. तिबेटच्या उंच पठारावर धान्य पुरेसें पिकत नाहीं, आणि कुमाऊंच्या डोंगरांत मीठ मिळत नाहीं. या दोन उणिवांच्या मध्यें जोहारचा माणूस उभा होता. पलीकडे ग्यानिमाच्या माळावर उन्हाळ्यांत तंबूंचा बाजार भरे. अलीकडे बागेश्वर, थल व जौलजीबी येथील जत्रांत तो माल विकला जाई. पुढें कानपुरास लोंकरीच्या गिरण्या निघाल्यावर तिबेटी लोंकर या वाटेनें तेथपर्यंत जाऊं लागली.

या व्यापाराचा पाया पैशापेक्षां विश्वासावर अधिक होता, हें विशेष सांगण्यासारखें आहे. प्रत्येक जोहारी व्यापाऱ्याचा तिबेटांत एक ठरलेला 'मित्र' असे. त्यानें याच्याशींच व्यवहार करावयाचा व यानें त्याच्याशींच, असा हा संबंध. आणि तो बापाकडून मुलाकडे वारशानें जाई. मैत्रीचा करार करितांना एक दगड फोडून त्याचे दोन तुकडे दोघांनीं आपापल्या जवळ ठेवावयाचे, आणि पुढें प्रतिनिधि पाठविला तर तुकड्याशीं तुकडा जुळवून त्याची ओळख पटवावयाची, अशी चाल होती असें सांगतात. वाट खुली होण्यापूर्वीं तिबेटी अधिकारी आपला माणूस पाठवून खालच्या मुलखांत सांथ अगर युद्ध तर नाहीं ना, याची चौकशी करवीत. आणि मगच व्यापारास परवानगी मिळे. कर दोन्हीकडे द्यावे लागत. सतराव्या शतकांत कुमाऊंचा राजा बाजबहादुर चंद यानें हा भोट प्रदेश व त्यांतील घाट आपल्या ताब्यांत आणिले. १७९० सालीं गुरख्यांनीं कुमाऊं जिंकलें. १८१५ त इंग्रज आले. राज्यें बदललीं, कर घेणारे हात बदलले; वाट मात्र चालूच राहिली. कारण मिठाची व धान्याची गरज कोणत्याहि राजास बदलतां येण्यासारखी नव्हती.

इंग्रज कुमाऊंत येण्यापूर्वींच त्यांचें लक्ष या वाटांकडे गेलें होतें. १८१२ सालीं विल्यम मूरक्रॉफ्ट व हिअर्सी हे दोघे गोसाव्याच्या वेषांत नीतीच्या घाटानें तिबेटांत शिरले आणि मानससरोवर पाहून परतले. परततांना गुरख्यांनीं त्यांस अटकेंत टाकलें. या प्रवासांत ज्यांनीं त्यांस साहाय्य केलें, त्यांत मिलमचे देबसिंग व बीरसिंग हे रावत बंधु होते. रावत घराण्याचा आणि परकीय संशोधकांचा संबंध जडला तो येथपासून. १८५५ त जर्मनीचे श्लागिनट्वाइट बंधु हिमालयाचें संशोधन करावयास आले, तेव्हां देबसिंगाचा मुलगा मानसिंग आणि त्याच घराण्यांतला, २५ वर्षांचा, नैनसिंग हे त्यांच्याबरोबर गेले. यंत्रें कशीं वाचावीं हें नैनसिंग प्रथम तेथें शिकला.

त्या काळीं हिंदुस्थानच्या मोजणीखात्यापुढें एक विचित्र अडचण होती. हिमालयाच्या शिखरांची उंची दुरून यंत्रें लावून काढतां आली. १८५६ सालीं एव्हरेस्टची उंचीहि जाहीर झाली. परंतु शिखरांच्या पलीकडचा प्रचंड प्रदेश नकाशावर कोराच होता. ल्हासा कोणत्या अक्षांशावर आहे, त्सांगपो नदी कोठून कोठें वाहते, हें खात्रीनें कोणासहि सांगतां येत नव्हतें. गोऱ्या माणसास तिबेटची सरहद्द बंद होती. ही अडचण कॅप्टन मॉन्टगोमेरी यानें अशी सोडविली कीं, ज्यांस सरहद्द उघडी आहे त्या डोंगरी लोकांनाच मोजणी शिकवावी. कुमाऊंच्या शाळाखात्यांतील स्मिथ नांवाच्या अधिकाऱ्यानें नैनसिंग व मानसिंग यांचीं नांवें सुचविलीं. नैनसिंग त्या वेळीं मिलमच्या सरकारी शाळेंत शिक्षक होता; म्हणूनच पुढें तो 'पंडित' याच नांवानें जगांत ओळखला गेला. १८६३ सालीं दोघे डेहराडूनास गेले.

तेथें त्यांस जें शिक्षण मिळालें, त्याची हकीकत अद्भुत कथेसारखी वाटते; पण ती अक्षरशः खरी आहे. चढ असो वा उतार, वाळू असो वा बर्फ, पाऊल सारख्याच लांबीचें पडलें पाहिजे, अशी त्यांस संवय लाविली. दोन हजार पावलांचा एक मैल. हातांतल्या जपमाळेंत १०८ ऐवजीं १०० मणी. दर शंभर पावलांस एक मणी सोडावयाचा, म्हणजे एक माळ पुरी झाली कीं पांच मैल झाले. बौद्ध यात्रेकरूच्या प्रार्थनाचक्रांत मंत्राच्या गुंडाळीऐवजीं टिपणांचे कागद. पेटीच्या दुहेरी तळांत षष्ठांशयंत्र, कवड्यांत भरलेला पारा, आणि उकळत्या पाण्यांत बुडवून उंची काढण्यासाठीं उष्णतामापक. मार्गांत कोणी जवळ आला कीं जप चालू करावयाचा. धार्मिक माणसाच्या जपांत कोणी व्यत्यय आणीत नाहीं.

कुमाऊंकडून तिबेटांत शिरण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. म्हणून १८६५ त ते काठमांडूच्या वाटेनें गेले. किरोंगचा अधिकारी मानसिंगास ओळखणारा निघाल्यामुळें मानसिंगास ती वाट सोडावी लागली. नैनसिंग एकटा, व्यापाऱ्याच्या वेषांत, पुढें गेला, आणि १० जानेवारी १८६६ रोजीं ल्हासास पोहोंचला. जवळचा पैसा संपला तेव्हां त्यानें तेथील व्यापाऱ्यांस हिशेब ठेवण्याची हिंदी पद्धति शिकवून पोट भरलें. दोघां काश्मिरी मुसलमानांनीं त्याचें सोंग ओळखलें, पण त्यांनीं तें कोणास सांगितलें नाहीं. विनापरवाना शहरांत आलेल्या एका चिनी माणसाचा शिरच्छेद त्यानें तेथेंच पाहिला. एप्रिलांत तो एका काफिल्याबरोबर निघून त्सांगपोच्या कांठाकांठानें मानससरोवराकडे आला. त्याची मोजणी सुमारें १,२०० मैलांची भरली. मैलास दोन हजार या हिशेबानें तीं २४ लक्ष पावलें होतात, आणि त्यांतलें प्रत्येक मोजलेलें होतें. ल्हासाचें स्थान प्रत्यक्ष निरीक्षणानें नकाशावर आलें तें या मोजणीमुळें.

पुढें १८६७ त तो ठोक-ज्यालुंगच्या सोन्याच्या खाणींकडे गेला. आणि १८७४-७५ त लेहहून निघून, ल्हासा व तवांग या मार्गानें आसामांत उतरला. १८७७ सालीं लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनें त्यास सुवर्णपदक दिलें. १८८२ त तो वारला. त्याचा चुलत भाऊ किशनसिंग याची कथा तितकीच मोठी, पण अधिक करुण आहे. मोजणीखात्याच्या कागदांत त्याचें नांव 'ए. के.' एवढेंच असे. १८७८ त तो दार्जिलिंगहून निघाला, ल्हासास एक वर्ष राहिला, आणि मंगोलिया गांठण्याच्या हेतूनें उत्तरेस निघून तुनह्वांगपर्यंत गेला. वाटेंत लुटला गेला, नोकर पळाला, गुरें राखून दिवस काढावे लागले, आणि तुनह्वांगास अधिकाऱ्यांनीं त्यास कित्येक महिने अडकवून ठेविलें. एकदां घोड्यावर बसल्यावांचून गत्यंतर नव्हतें, तेव्हां त्यानें घोड्याचीं पावलें मोजलीं; पण मोजणींत खंड पडूं दिला नाहीं. १८८२ च्या अखेरीस सुमारें २,८०० मैलांचा प्रवास पुरा करून तो परत आला, तेव्हां मागें त्याचा एकुलता मुलगा मरण पावला होता आणि घर मोडलें होतें. तो पुढें १९२१ पर्यंत जगला.

येथें एक अवघड प्रश्न उपस्थित होतो, व तो टाळणें इतिहासलेखकास शोभणारें नाहीं. ज्या विश्वासावर जोहारचा व्यापार उभा होता, त्याच विश्वासाच्या आडून ही मोजणी झाली. यात्रेकरू म्हणून ज्यास मठांत जागा मिळाली, व्यापारी म्हणून ज्यास काफिल्यांत घेतलें, तो दुसऱ्या एका सरकारचा मोजणीदार होता. तिबेटी लोकांच्या बाजूनें पाहिलें तर यास फसवणूक हेंच नांव आहे. दुसऱ्या बाजूस कित्येक आधुनिक लेखक नैनसिंगास निव्वळ राष्ट्रवीर ठरवूं पाहतात. तेंहि आम्हांस पटत नाहीं, कारण त्यानें सेवा केली ती परकीय सत्तेची. आमच्या मतें त्याचें मोल निराळ्या ठिकाणीं शोधलें पाहिजे. त्यानें अक्षांश-रेखांश काढण्याच्या शास्त्रावर 'अक्षांश दर्पण' नांवाचा हिंदी ग्रंथ लिहिला. ज्या विद्येनें त्याच्या मालकांस सत्ता मिळत होती, ती आपल्या लोकांच्या भाषेंत आणून ठेवण्याची बुद्धि त्या शाळामास्तरास झाली, ही गोष्ट आम्हांस त्याच्या पदकापेक्षां मोठी वाटते. मानी, चिकाटीचा, पोटासाठीं नोकरी पत्करलेला, आणि ज्ञानाची खरी गोडी लागलेला, असा तो माणूस होता. त्याच्या रोजनिशींतून तो असाच दिसतो. आणि ती उमा भट्ट व शेखर पाठक यांनीं परिश्रमपूर्वक प्रसिद्ध केल्यामुळें आतां आपणांस वाचावयास मिळते, हें त्यांचे आपणांवर ऋण आहे.

परंतु नकाशा एकदां तयार झाला म्हणजे तो कोणाच्या हातीं जाईल, हें मोजणाऱ्याच्या हातीं रहात नाहीं. जोहारी व्यापाऱ्यास कुंगरी-बिंगरीपलीकडची वाट ठाऊक होती ती मित्रांच्या नांवांनीं, कुरणांनीं आणि झऱ्यांनीं. मोजणीखात्याच्या कागदावर तीच वाट अंतरें, उंची व रेषा या रूपानें उतरली. पहिल्या प्रकारचें ज्ञान चालणाऱ्यावांचून निरुपयोगी असतें. दुसरें दूरच्या कचेरींत बसूनहि वापरतां येतें. १९०४ सालीं यंगहजबंडची फौज ल्हासास गेली, आणि त्या वेळच्या तहानें गार्तोक येथें व्यापारी पेठ उघडली गेली. तेव्हांपासून या वाटेवरील व्यापार हा मित्रामित्रांमधील व्यवहार राहिला नाहीं. तो राज्याराज्यांमधील कराराचा विषय झाला.

नुकसानीस आरंभ मात्र दुसऱ्याच दिशेनें झाला. आगगाडी डोंगरांच्या पायथ्याशीं आली, आणि मैदानांतलें स्वस्त मीठ तिच्याबरोबर आलें. तिबेटी मिठाचें महत्त्व हळूहळू घटलें. लोंकरीनें मात्र व्यापार सांवरून धरला. १९५० त तिबेटांत चिनी सैन्य आलें. २९ एप्रिल १९५४ रोजीं हिंदुस्थान व चीन यांच्या दरम्यान तिबेटच्या व्यापाराविषयीं जो करार झाला, आणि ज्याच्या प्रस्तावनेंतील पांच तत्त्वें पुढें 'पंचशील' म्हणून गाजलीं, त्यांत जाण्यायेण्यास खुल्या अशा सहा घाटांचीं नांवें होतीं. कुंगरी-बिंगरी त्यांपैकीं एक होता. ग्यानिमाच्या बाजाराचीहि त्यांत नोंद होती. करार आठ वर्षांचा होता. १९५९ त दलाई लामा हिंदुस्थानांत आले. सरहद्दीवरील संशय वाढत गेला. १९६२ च्या जूनांत कराराची मुदत संपली व ती वाढविली गेली नाहीं. आणि ऑक्टोबरांत युद्ध झालें. त्यानंतर उंटाधुऱ्यावरून एकहि कळप तिबेटांत व्यापारास गेला नाहीं.

राजधान्यांत हा पराभवाचा व मानहानीचा प्रश्न होता. मिलमांत तो उद्यां काय करावयाचें हा प्रश्न होता. पिढ्यान् पिढ्या चाललेला व्यवहार एका हंगामांत तुटला; मित्राकडील येणें आणि मित्राचें देणें दोन्ही जागच्या जागीं राहिलें. मेंढ्या ओझीं वाहीनाशा झाल्यावर इतके कळप पोसण्यास कारण उरलें नाहीं. कळप गेले तसें लोंकरीचें काम आटलें. आणि जोहारच्या स्त्रिया ज्या 'दन' व 'थुलमा' विणीत, त्यांस लागणारी तिबेटी लोंकरहि येईनाशी झाली. वर जाण्याचें मुख्य प्रयोजनच नाहींसें झालें, तेव्हां माणसें खालच्याच घरांत राहूं लागलीं. १९६७ सालीं सरकारनें भोटियांचा अनुसूचित जमातींत समावेश केला. शिक्षणाची परंपरा या खोऱ्यांत जुनी होती. तिचा फायदा घेऊन पुष्कळ जोहारी तरुण सरकारी नोकऱ्यांत शिरले, व त्यांतले कित्येक मोठ्या हुद्द्यांवर चढले. तेव्हां हा समाज नष्ट झाला, असें म्हणणें चुकीचें होईल. समाज तरला; त्याचें खोरें मात्र रिकामें झालें.

१९९२ त ब्यांस खोऱ्यांतील लिपुलेखचा घाट मर्यादित व्यापारास पुन्हां उघडण्यांत आला. जोहारच्या वांट्यास तें भाग्य आलें नाहीं. आतां उन्हाळ्यांत कांहीं कुटुंबें वर जातात, थोडी शेती करितात, जंगली औषधी गोळा करितात, कुलदेवतेची पूजा करितात आणि थंडीपूर्वीं परततात. मिलमांत सरहद्दीवरील पोलिसांची चौकी आहे. हिमनदीनेंहि आपली जागा सोडली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिचें टोंक एक किलोमीटरहून अधिक मागें हटलें आहे. मुन्स्यारीस शेरसिंग पांगती यांनीं आपल्या घरीं जोहारी जीवनाच्या वस्तूंचा एक संग्रह उभा केला. ज्या समाजानें मालकांसाठीं अर्धा आशिया मोजून दिला, त्याच्या स्वतःच्या संसाराची मोजदाद त्याच्यांतल्याच एकास पदरमोड करून करावी लागली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

हिमालयाचा जो इतिहास आपण वाचतों, तो बहुतांशीं शिखरें चढणाऱ्यांचा इतिहास आहे. १९०५ सालीं लाँगस्टाफ जोहारांतून नंदादेवीच्या कड्यावर गेला. १९३९ त पोलंडच्या गिर्यारोहकांनीं तिचें पूर्वशिखर याच बाजूनें सर केलें, आणि त्यांतल्या दोघांनीं लगेच तिरसूळीवर प्राण गमाविले. हीं नांवें स्मरणांत राहिलीं, तें योग्यच झालें. पण त्यांच्या आधीं कित्येक शतकें, दरसाल, मुलाबाळांच्या पोटासाठीं, मेंढरांमागें चालत १८,००० फुटांची खिंड ओलांडणाऱ्या माणसांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं आहेत? त्यांनीं तें साहस मानिलें नाहीं, म्हणून तें साहस नव्हतें असें होत नाहीं. सरहद्दी असाव्यात कीं नसाव्यात हा वाद आम्हांस येथें करावयाचा नाहीं. राज्यांस त्या लागतात. आमचें म्हणणें इतकेंच कीं, सरहद्द आंखतांना जें खोरें तिच्यासाठीं आपली उपजीविका गमावतें, त्याचा हिशेब राष्ट्राच्या वहींत कोठेंतरी मांडला गेला पाहिजे. जोहारचा तो हिशेब अजून पुरा मांडला गेलेला नाहीं. नकाशावर उंटाधुरा आजहि आहे. त्याची उंची फुटाफुटानें लिहिलेली आहे. ज्यांच्या पावलांनीं ती वाट घडली, त्यांतले तिच्यावरून प्रत्यक्ष गेलेले लोक मात्र आतां अगदीं थोडे उरले असतील. त्यांच्याजवळ बसून त्यांचें ऐकून घेण्यास फार वेळ उरलेला नाहीं. आणि मिलमपर्यंत पायीं जाणाऱ्या आमच्या तरुणांनीं परततांना मुन्स्यारीस दोन दिवस अधिक राहून तेवढें केलें, तरी त्यांचा प्रवास सार्थकीं लागेल.